तिसरी मेणबत्ती

देवाशी मी एक करार केला होता आणि तो मला अगदी सरळ वाटत होता. मी रोज संध्याकाळी दोन्ही मुलांना घेऊन प्रार्थनेला बसायचं, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची आणि त्याने बाळाला आईच्या पोटात राहू द्यायचं. लिफ्टची देखभाल करणाऱ्या माणसाला करार कळतात. वर्षाच्या कागदावर सही होते, महिन्याला एक फेरी मारायची, तेल-दोर-ब्रेक बघायचे. आपलं काम चोख असलं की लिफ्ट पडत नाही, असं मी सोळा वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगत आलोय.

बायको नोव्हेंबरच्या मध्यापासून हॉस्पिटलात आडवी होती. बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली आलेली, मधूनच रक्तस्राव. उठायचं नाही, चालायचं नाही, हसायचं सुद्धा बेतानं. डॉक्टरबाई बोलायला तिखट, पण मनानं खऱ्या. "बाळ आत राहिलं तो प्रत्येक दिवस आपला," त्या म्हणाल्या. "बत्तीस आठवडे गाठले तर मला झोप लागेल. छत्तीस गाठले तर मी या वॉर्डात नाचेन." तेव्हा आम्ही अठ्ठाविसावर होतो. बाळाची खरी तारीख फेब्रुवारीच्या शेवटाची होती. मुलं तिथेच उभी होती आणि सगळं ऐकत होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

प्रार्थनेची कल्पना बायकोची. "रविवारपासून आगमनकाळ सुरू होतोय, नाताळच्या आधीचे चार रविवार," ती पडल्या पडल्या म्हणाली. "घरी काहीतरी सुरू कर. रोज संध्याकाळी मुलांना एका जागी बसव. आपल्याकडे कधी केलंच नाही आपण."

"मी? मला नाताळच्या दिवशी चर्चमध्ये मागच्या बाकावर सुद्धा डुलकी लागते."

"म्हणून तर मी लिहून देते. तू फक्त वाच. आणि वाचताना जांभई देऊ नकोस."

वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या करून ती रोजचं एक वाचन लिहायची. वाट बघणाऱ्या माणसांबद्दल चार ओळी, खाली एक प्रश्न आणि शेवटी: आता प्रत्येकानं एक वाक्य मागा. मी चार-चार दिवसांच्या चिठ्ठ्या घरी न्यायचो. मेणबत्त्यांसाठी कामावरची एक झिजलेली पुली आणली, तिच्यावर नळीचे चार तुकडे बसवले. दिसायला ती लिफ्टचाच भाग दिसत होती, पण हलत नव्हती. मध्ये जागा रिकामी राहिली म्हणून मी बाळाचा सोनोग्राफीचा फोटो तिथे उभा केला. ही अक्कल माझी. बायकोनं असलं काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. थोरला बारा वर्षांचा. प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढतो म्हणून त्याला घरात सगळे वकील म्हणतात. धाकटी सात वर्षांची. सापडेल ती वस्तू उचलून कुठेतरी साठवून ठेवते, म्हणून मुंगी. मी घसा साफ केला आणि आपल्याला कळतं तेवढं समजावून सांगितलं. चार रविवार, चार मेणबत्त्या. आपण बाळाची वाट बघायची. चौथी लागली की आलंच म्हणून समजा.

"कुठलं बाळ?" वकिलानं विचारलं.

"तुला माहीत नाही? नाताळचं बाळ." असं म्हणताना माझी नजर फोटोवर होती, कारण माझ्या डोक्यात दुसरं बाळ नव्हतंच.

मग मी काडी ओढली. वात पेटवताना तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "लावतोय बघ. आता तुझं तू सांभाळ." तेव्हापासून ते रोजचंच झालं. मला वाटायचं, ते फक्त वरच्यालाच ऐकू जातं.

चिठ्ठीतला प्रश्न होता, वाट बघताना सगळ्यात अवघड काय वाटतं? "बाबांचा स्वयंपाक," वकील म्हणाला. मला हसू फुटलं. मुंगी हसली नाही. ती फोटोकडे आणि मेणबत्तीकडे आळीपाळीनं बघत होती. एक वाक्य मागायची वेळ आली तेव्हा तिनं ओठ हलवले, पण आवाज बाहेर आला नाही.

चौथ्या दिवशी तिचा आवाज बाहेर आला. हात जोडून, डोळे घट्ट मिटून ती स्पष्ट म्हणाली, "बाळा, येऊ नकोस."

माझं डोकं फिरलं. तिकडे तिची आई तीन आठवडे छताकडे बघत पडलीय, आणि इकडे ही! "असलं मागतात का?" मी टेबलावर हात आपटला. "धाकटं भावंड नको झालंय तुला? लाड कमी होतील म्हणून?" मुंगीनं डोळे उघडले आणि तोंडाला कुलूप लावलं. त्यानंतर तिची पाळी आली की ती नुसती मान खाली घालून बसायची. हेवा वाटतोय, जाईल आपोआप, असं मी स्वतःला समजावलं. समजावण्यात मी हुशार आहे.

दुसऱ्या रविवारी दुसरी मेणबत्ती लागली. बुधवारी बघतो तर ती जागेवर नाही. गुरुवारी काडेपेटी नाही. नवी आणली, तीही शुक्रवारी गायब. शनिवारी बायकोच्या हातच्या दोन चिठ्ठ्या गेल्या, तेव्हा माझा संयम सुटला. त्या दोन दिवसांत बायकोला पुन्हा रक्तस्राव झाला होता. फार नाही, पण डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला होता. मला दिसत होतं ते एवढंच, की करारातली माझी बाजू लंगडी पडत होती. मेणबत्ती नाही, वाचन नाही, आणि तिकडे रक्त. वाचून हसाल, पण मी खरंच घाबरलो होतो.

वकिलाच्या शाळेच्या दप्तरात दोन्ही काडेपेट्या सापडल्या.

"हे काय?"

त्यानं दप्तराकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे. "मी घेतल्या," तो म्हणाला.

"का?"

"उगाच."

ज्या पोराला बशी धुवायला सांगितली तरी तीन मुद्दे सुचतात, त्याला त्या दिवशी एकही सुचला नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण त्यानं आदल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "बाबा, मेणबत्तीनं रक्त थांबत नाही, माहितीय ना तुम्हाला?" तेच माझ्या डोक्यात बसलं होतं. घरातला नास्तिक मिळाला, असं मला वाटलं. आणि मी त्याला सांगितलं, उद्या रविवारी तू आईला भेटायला येणार नाहीस. शेजारच्या काकूंकडे बसशील.

आठवड्यातून एकच दिवस मुलांना वॉर्डात सोडायचे. त्याचा चेहरा पांढरा पडला. मुंगीनं माझा सदरा ओढला. "बाबा, त्याला नका..." मी तिला म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस."

रविवारी दुपारी मुंगीला घेऊन मी वॉर्डात गेलो. बायकोनं लगेच विचारलं, "हा कुठाय?"

"सर्दी झालीय. तुला लागायला नको म्हणून..."

तिनं माझ्याकडे बघितलं. चौदा वर्षांच्या संसारानंतर बाईला सर्दी कुठली खरी आणि कुठली खोटी ते कळतं. पण तिच्यात भांडायची ताकद नव्हती. मुंगी पलंगाला चिकटून उभी होती. तिनं आईच्या पोटाला तोंड लावलं आणि काहीतरी कुजबुजली. बायको म्हणाली, "काय सांगितलंस गं?" मुंगी म्हणाली, "आमचं आहे ते." बायकोनं तिच्या केसांतून हात फिरवला आणि तशीच डोळे मिटून पडून राहिली. तिच्या हाताला सुई लावलेली जागा निळी पडली होती. त्या निळ्या डागाकडे बघून मी ठरवलं की आज संध्याकाळी काही झालं तरी तिसरी मेणबत्ती लागलीच पाहिजे.

येताना दुकानातून नव्या चार घेतल्या, काडेपेट्या घेतल्या. अंधार पडायच्या सुमाराला दोघांना टेबलाशी बसवलं आणि स्वतः उभा राहिलो, पोलीस उभा राहतो तसा. पहिली लावली. दुसरी लावली. तिसऱ्या वातीशी काडी नेली, तेव्हा मुंगीनं माझ्या हातावर उडी घेतली. काडी विझली.

"नका लावू! बाबा, तिसरी नका लावू!"

"हात सोड."

"आजचा दिवस नको! नंतर लावू. पुढच्या महिन्यात लावू!"

"पुढच्या महिन्यात? हा काय खेळ वाटला तुला?"

ती दोन्ही हातांनी माझ्या मनगटाला लटकली होती आणि जिवाच्या आकांतानं रडत होती. असं रडताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. वकील उठून उभा राहिला. "बाबा," तो हळू म्हणाला, "तिला विचारा तरी एकदा."

मी नाही विचारलं. मी तिचे हात सोडवले, एकेक बोट उचलून, आणि दुसरी काडी ओढून तिसरी मेणबत्ती लावली. "लावतोय बघ," मी म्हणालो, या वेळी मोठ्यानं. "आता तुझं तू सांभाळ." मुंगी खुर्चीखाली जाऊन बसली. कानांवर हात ठेवून. वाचन मी एकट्यानं केलं आणि आमेनही मीच म्हणालो. कर्तव्य पार पाडल्याचं समाधान वाटलं मला. लाज वाटते, पण वाटलं.

सोमवारी दुपारी तीनला मी एका अकरा मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो. ती दहाव्या आणि अकराव्याच्या मध्ये थांबवून दोरांना कापड लावून बघत होतो, एखादी तार तुटली असली की कापडाला अडकते. फोन थरथरला. शाफ्टमध्ये फोन उचलायचा नाही हा माझाच नियम. नंबर हॉस्पिटलचा होता.

"रक्तस्राव थांबत नाहीये," नर्स म्हणाली. "ऑपरेशनला घेतोय. तुम्ही निघा."

कामावरच्या जोडीदाराला काय सांगितलं आठवत नाही. लिफ्ट मीच बंद केलेली, त्यामुळे अकरा मजले जिन्यानं उतरलो. उतरताना मी आठवडे मोजत होतो. तीस आणि एक दिवस. बत्तीस नाही. दर मजल्याला तेच येत होतं, बत्तीस नाही, बत्तीस नाही.

शाळेतून दोघांना उचललं. कंपनीच्या गाडीत पुढे एकच सीट, त्यावर दोघं दाटीवाटीनं बसली. मी म्हटलं, "बाळ आज येतंय." एवढंच.

मुंगी रडली नाही. तिनं समोरच्या काचेकडे बघत सांगितलं, "तुम्ही तिसरी लावलीत ना."

"काय?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आत राहिलं पाहिजे. आणि तुम्ही म्हणालात, चार झाल्या की येतंच. म्हणून मी दुसरी काढून ठेवली. म्हणजे परत एकच होईल. काडेपेट्या पण. चिठ्ठ्या पण, म्हणजे दिवस पुढे जाणार नाहीत."

माझे हात स्टीअरिंगवर होते आणि मला रस्ता दिसत नव्हता. मागून कुणीतरी जोरात हॉर्न दिला.

"तुला माहीत होतं?" मी वकिलाला विचारलं.

"तिच्या गादीखाली मेणबत्ती होती. वास आला मला," तो म्हणाला. "काडेपेट्या तिच्याकडे नकोत म्हणून मी घेतल्या. आग लागली असती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तिला ओरडला असता. तिला आईकडे जाऊ दिलं नसतं."

त्यानं ते भांडून नाही सांगितलं. तिसऱ्याच कुणा माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. आम्ही त्याच्यावर बसलो. दारावर लाल दिवा, आत काय चाललंय काही कळत नाही. एक नर्स रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन धावत आत गेली. वकिलानं मुंगीचं डोकं आपल्याकडे फिरवलं, म्हणजे तिला दिसू नये. त्याच्या वयाला मला हे सुचलं नसतं. आताही सुचलं नव्हतं.

मी मुंगीसमोर जमिनीवर बसलो. "हे बघ. मेणबत्तीनं बाळ येत नाही. मेणबत्तीत तसं काही नसतं. कालची लावली म्हणून आज हे झालेलं नाही."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "मग तुम्ही रोज का म्हणायचात? लावतोय बघ, आता तुझं तू सांभाळ?"

सोळा वर्षं लोकांना लिफ्ट का पडत नाही ते समजावलंय, पण सात वर्षांच्या मुलीला काय सांगायचं ते कळेना. तिनं मेणबत्त्या लपवून बाळाला थांबवायला बघितलं. मी मेणबत्त्या लावून तेच करत होतो. फरक एवढाच, की तिनं टेबलावर हात आपटला नाही, कुणाला शिक्षा केली नाही.

"मी चुकीचं म्हणत होतो," मी म्हणालो. "मला भीती वाटत होती. मला वाटलं, मी एवढं केलं की देवाला ऐकावंच लागेल. तसं नसतं. आईनं तसं लिहिलंच नव्हतं. मी माझ्या मनानं जोडलं आणि तू माझ्याकडून शिकलीस."

"मग माझ्यामुळे नाही?"

"नाही. तुझ्यामुळे अजिबात नाही." मग मी वर बघितलं. "आणि तुझी आईशी भेट मी हुकवली, वकीलसाहेब. त्याची मी कशी भरपाई करणार, मला माहीत नाही."

वकील खाली फरशीकडे बघत होता. "आई वाचली तर बघू," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. तेव्हा कुठे तो रडला. मी दोघांना जवळ घेतलं, आणि कितीतरी वेळ आम्ही तसेच तिघं त्या फरशीवर बसून होतो. जाणारे-येणारे बाजूनं वाट काढत होते.

साडेपाचला दार उघडलं. डॉक्टरबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला. "आई ठीक आहे. रक्त बरंच गेलंय, पण ठीक आहे. मुलगी झाली. तेराशे ऐंशी ग्रॅम. श्वास तिला एकटीला जमत नाहीये, मशीन लावलंय. हे तीन-चार दिवस फार नाजूक आहेत. मी तुम्हाला खोटं काही सांगणार नाही."

"जगेल ना?" मी विचारलं.

"मी खोटं काही सांगणार नाही," त्या पुन्हा म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या.

काचेपलीकडे एका पेटीत ती होती. डोक्यावर टोपी, नाकात नळी, हात माझ्या अंगठ्याएवढा. छाती इतक्या भराभर हलत होती की बघवत नव्हतं. मधूनच मशीन पिपाणी वाजवायचं, नर्स जवळ जायची, बटण दाबायची आणि परत यायची. वकिलानं मुंगीला उचलून धरलं होतं, कारण काच उंच होती.

"सहा वाजले," वकील थोड्या वेळानं म्हणाला. "आपली वेळ झाली."

त्यानं खिशातून एक घडी केलेली चिठ्ठी काढली. आदल्या दिवशी त्याच्या आईनं माझ्याकडे दिलेली, त्यानं सकाळीच टेबलावरून उचललेली. आईला तो भेटला नव्हता, म्हणून तिचं अक्षर तरी जवळ ठेवलं असावं. इथे मेणबत्ती लावायला बंदी, आणि कुणालाच ती नको होती. तो काचेशी उभा राहून हळू आवाजात वाचत गेला. वाट बघणारी माणसं, चार ओळी. मी ऐकलं असं म्हणणार नाही. मी त्या हलणाऱ्या छातीकडे बघत होतो.

"आता प्रत्येकानं एक वाक्य मागा," त्यानं वाचलं.

"मुंगी, तू आधी," मी म्हणालो.

तिनं दोन्ही तळवे काचेला लावले. या वेळी डोळे मिटले नाहीत. दोन आठवडे तिनं त्या बाळाला एकच गोष्ट सांगितली होती आणि ती गोष्ट आता उपयोगाची राहिली नव्हती. तिला नवीन वाक्य शोधावं लागत होतं. आम्ही थांबलो. पलीकडे मशीन वाजलं, नर्स उठली, थांबली, पुन्हा बसली.

"आलीस ना," मुंगी म्हणाली. "आता जाऊ नकोस."

वकील आमेन म्हणाला. मला ते म्हणायला थोडा वेळ लागला.